माझ्यात नाही

८ जून, रविवार

दिव्याचा फोन आला तेव्हा कोथिंबीर निवडत होते. दिव्यश्री म्हणजे माझी मावसबहीण, बेळगावला शाळेत शिकवते. मार्चमध्ये तिचं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. आवाज अगदी बारीक झालाय.

"वीणाक्का, बसलीस काय?"

"बसलेय. बोल."

तिच्या रक्तात एक दोष सापडलाय. बीआरसीए-टू नावाच्या जनुकात, जन्मापासूनचा. ज्या बायकांमध्ये तो असतो त्यांना स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त. दिव्याला तो तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या मावशीकडून आला. माझी आई अडतिसाव्या वर्षी छातीच्या कॅन्सरने गेली, म्हणजे तिच्यातही असणार. रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना कळवा, असं डॉक्टरांनी दिव्याला बजावलंय.

"तू तपासून घे अक्का. आणि कृष्णालाही सांग."

"माझं मी बघते. भावाला कशाला? तो पुरुष."

"डॉक्टर सगळे म्हणाले."

"बरं," म्हटलं आणि उलट्या कमी झाल्या का ते विचारलं.

मला आश्चर्य वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते. चौदाव्या वर्षापासून मला हे माहीत होतं, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. निपाणीच्या घरात मधल्या खोलीत आईची मलमपट्टी मी करायची. तेव्हाच मनात पक्कं झालं की हे आपल्यालाही होणार. त्या हिशेबाने मी राहिले. घर घेतलं नाही. लग्नाला नाही म्हटलं. मांजरसुद्धा पाळलं नाही, कारण आपल्यामागे त्याला कोण बघणार. पंचेचाळीस झाले, आईपेक्षा सात वर्षं जास्त. ही वरची वर्षं कोणाच्या तरी चुकीने मिळाली असावीत असं वाटत असतं.

आता कागदावर येईल, एवढंच.

१४ जून, शनिवार

हॉस्पिटलमध्ये संहिता नावाची मुलगी भेटली. अशा तपासण्यांआधी आणि नंतर लोकांशी बोलायचं हे तिचं काम. तिशीची असेल. दिव्याचा रिपोर्ट तिने आधीच वाचून ठेवला होता.

तिने आमच्या घराण्याचा नकाशा काढला. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. आजी, आई, मावशी, दिव्या यांचे गोल काळे केले. माझा गोल रिकामा. त्याच्या शेजारी एक रिकामा चौकोन.

"हे कोण?"

"माझा धाकटा भाऊ, कृष्णात. तो ठणठणीत आहे. इथेच पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं वर्कशॉप आहे."

"त्यांना मुलं?"

"एक मुलगी. आर्या. अठरा वर्षांची."

तिने चौकोनाखाली एक छोटा गोल काढला आणि पेन जरा वेळ तिथेच ठेवलं. मग समजावून सांगितलं, की आई देताना मुलगा-मुलगी बघत नाही. मला आलं असण्याची शक्यता निम्मी, भावालाही निम्मी. पुरुष पुढे मुलीला देऊ शकतो. त्यालाही धोका असतो, प्रोस्टेटचा, क्वचित छातीचाही.

मी मान डोलावली, पण माझे प्रश्न वेगळे होते. अंडाशय काढायचं ऑपरेशन किती दिवसांचं, रजा किती लागेल, स्तनही काढावे लागतील का. सगळं ठरवून गेले होते. ती म्हणाली, "मॅडम, आधी रिपोर्ट येऊ द्या." तिच्या बोलण्यात थोडी काळजी होती. मला वाटतं, माझ्यासारखी तयारीची बाई तिने फारशी पाहिली नसेल.

रक्त दिलं. नर्सने सोबत कोण आहे विचारलं. कोणी नाही म्हटलं.

२४ जून, मंगळवार

माझ्या कानाच्या क्लिनिकमध्ये आज पुन्हा खंडोजीराव. चौऱ्याऐंशी वर्षांचे, इथल्या जुन्या मराठ्यांपैकी, मल्लेश्वरममध्ये आठव्या क्रॉसच्या गल्लीत राहतात. श्रवणयंत्र घेऊन वर्ष झालं. दर पंधरा दिवसांनी तक्रार.

"अक्का, मशीन सरी नाही, बरोबर चालत नाही. स्वल्प बघा."

मी बूथमध्ये बसवून पुन्हा तपासलं, शिट्टी ऐकू आली की बटण दाबायला लावलं. सगळं बरोबर. यंत्राला काहीही झालेलं नाही. मग ते अर्धा तास बसून सुनेच्या अमेरिकेतल्या घराबद्दल सांगत राहिले. बाहेर तीन माणसं खोळंबली होती. हे लोक आपल्याला एकटं वाटतं असं सरळ सांगत का नाहीत कळत नाही.

मी पार्सल घेऊन घरी जेवले. रिपोर्ट अजून नाही.

९ जुलै, बुधवार

माझ्यात नाही.

संहिताने हसत सांगितलं. मी म्हटलं, पुन्हा तपासा. तिला वाटलं मला आनंदाने खरं वाटत नाही. तिने नीट सांगितलं, दिव्यात जो नेमका दोष आहे तोच माझ्यात शोधला, आणि तो नाही. म्हणजे मला धोका इतर कोणत्याही बाईला असतो तेवढाच. चाळिशीनंतरची नेहमीची तपासणी करत राहा. "आता तुम्ही मोकळ्या," ती म्हणाली.

बाहेर आले. ऊन पडलं होतं. संपिगे रोडला हॉटेलात बसून मसाला डोसा मागवला आणि अर्धा टाकला. मग कृष्णाला फोन लावला. मागे मशीनची घरघर होती.

"कृष्णा, माझ्यात नाही."

"काय नाही?"

"आईचं ते."

एक मशीन बंद झालं. मग दुसरं. इतकी शांतता त्याच्या वर्कशॉपमध्ये मी कधी ऐकली नव्हती.

"बरं झालं, अक्का," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "ठेवतो. माणसं आलीत."

एवढंच. दर रविवारी सकाळी फोन करून "जेवलीस काय" विचारतो, तेही उपचारासारखंच. आजच्या दिवशी तरी दोन मिनिटं माणसांना थांबवायला हरकत नव्हती.

दिव्याला सांगितलं. "छान झालं गं," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला नाही, पण मी दिवसभर लोकांचे कान तपासते, मला कळलं. एरवी ती फोन ठेवायला तयार नसते. आज तिला कुकर लावायचा होता.

१३ जुलै, रविवार

मी खूश असायला हवी. चार दिवस त्याची वाट बघतेय.

क्लिनिकमध्ये येणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आता वेगळं लक्ष जातं. हातातली पिशवी, कवळी, यंत्राची बॅटरी घालताना थरथरणारी बोटं. आजवर मी त्यांना दुसऱ्या जातीची माणसं समजत होते. आपण तिथवर जाणारच नाही तर बघायचं कशाला. आता दिसतंय की मी त्याच रांगेत आहे, खूप मागे, पण आहे. आणि त्या वयासाठी मी काहीच जमवलेलं नाही. माणूस तर एकही नाही.

चंदनची आठवण आली. धारवाडचा, माझ्याबरोबर पहिल्या नोकरीत होता. त्याने विचारलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. मला लग्नच करायचं नाही, एवढंच सांगितलं. मनात हिशेब होता की चार वर्षांनी हा विधुर होईल. त्याला वाचवलं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता तो म्हैसूरला असतो, दोन मुलं आहेत. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण ज्या कारणासाठी नाही म्हटलं ते कारणच नव्हतं, हे पचत नाही.

राग येतोय, पण धरायचा कोणावर? आईवर? तिने तर मला काहीच दिलं नाही.

२७ जुलै, रविवार

पेढे घेऊन जालहळ्ळीला कृष्णाकडे गेले. मेट्रोने सरळ जाता येतं, तरी महिनोनमहिने जाणं होत नाही.

घर बांधलं तेव्हा त्याने तळमजल्यावर एक खोली केली होती. स्वतंत्र न्हाणीघर, उंबरा नाही, दार रुंद, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. मला वाटायचं ती त्याच्या बायकोच्या, प्रियदर्शनीच्या वडिलांसाठी असेल. तिथे कोणी राहत नाही. आज प्रियाने चहा देताना सहज म्हटलं, "वन्सं, आता ती खोली भाड्यानं द्यायला हरकत नाही. हे इतकी वर्षं देऊ देत नव्हते."

"का?"

तिने कृष्णाकडे बघितलं. तो पेढ्याचा कागद उलगडत होता.

"तुझ्यासाठी होती ती," तो म्हणाला. "आजारी पडलीस तर जिना कसा चढणार होतीस."

पेढा तोंडात तसाच राहिला. माझ्या मरणाची तयारी मी एकटीच करतेय असं मला वाटत होतं.

प्रिया म्हणाली, त्या दिवशी तुमचा फोन आल्यावर हे वर्कशॉप बंद करून दुपारीच घरी आले. गोड घेऊन आले. आणि जेवले नाहीत.

तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "कृष्णा, आता तू तपासून घे. तुझ्यातही असू शकतं. आर्याचा प्रश्न आहे."

प्रियाने कप खाली ठेवला. "यांना कशाला? बाईमाणसांचं आहे ते."

मी संहिताने सांगितलेलं सगळं सांगितलं. चांगलं समजावून, पेशंटला सांगते तसं. कृष्णा खिडकीबाहेर बघत होता. प्रियाचा चेहरा घट्ट होत गेला.

"तुम्ही सुटलात ना, वन्सं? मग आता आमच्या मागं का लागलात? तिची बारावी आत्ता झालीय. सुखानं कॉलेजला जाऊ दे तिला."

"न्हाई करायचं मला, अक्का," कृष्णा म्हणाला. "विषय सोड."

आर्या जिन्यात उभी होती. तिने किती ऐकलं माहीत नाही.

मी कर्तव्य केलं. ते कोणाला आवडत नसतं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपतीला बोलावणं आलं नाही. दरवर्षी येतं असंही नाही, मी जाते. या वर्षी गेले नाही. महिनाभर रविवारचा फोनही नाही. तो फोन उपचाराचा होता असं मी लिहिलंय खरं. आज रविवार नाही, तरी अकरा वाजेपर्यंत मोबाईल स्वयंपाकघरात घेऊन फिरत होते.

घरमालकांच्या गणपतीला खाली गेले. त्यांनी पुरणाचे कडबू दिले, चार शब्द बोलले, मग त्यांचे पाहुणे आले. वर येऊन कडबू जेवणाऐवजी खाल्ले.

दिव्याला फोन केला. केमो संपली. बरी आहे. मी काही विचारलं की "ते तुला नाही गं कळायचं" असं म्हणत होती, प्रेमानेच.

११ सप्टेंबर, गुरुवार

संध्याकाळी आर्या आली. कॉलेज माझ्या घरापासून चालत येण्यासारखं आहे, पण एकटी पहिल्यांदाच आली. बॅग न काढता खुर्चीवर बसली.

"आत्या, पप्पा टेस्ट करणार नाहीत ना?"

"नाही म्हणतात."

"मग मी करते. माझ्यात असेल तर पप्पांकडूनच आलं. सिम्पल आहे. त्यांना सांगायची गरज नाही."

मी तिला पोहे दिले. तिने सगळं वाचून ठेवलंय, माझ्यापेक्षा जास्त. म्हटलं, तुझ्या वयात लगेच काही करायचं नसतं, डॉक्टरही पंचविशीपर्यंत थांबा म्हणतात.

"माहितेय. पण न कळता थांबणं आणि कळून थांबणं वेगळं ना?"

मी तिला वचन दिलं नाही, की कोणाला सांगणार नाही. तिनेही मागितलं नाही. जाताना दारात म्हणाली, "अम्मा तुझ्यावर चिडलेली नाही. ती घाबरलीय. तिला तसं दाखवता येत नाही." प्रियाला ती अम्मा म्हणते, इथल्या मुलींसारखं.

१३ सप्टेंबर, शनिवार

पीण्याला गेले. कृष्णाच्या वर्कशॉपमध्ये मी याआधी फक्त उद्घाटनाला गेले होते. तेलाचा वास, लोखंडाचा कीस. तो मला बघून घाबरला. वाटलं असेल, रिपोर्ट चुकीचा निघाला.

मागच्या खोलीत बसलो. आर्या येऊन काय म्हणाली ते सांगितलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"आईला शेवटचं न्यायच्या आधी मला काकाकडं गडहिंग्लजला पाठवलं, आठवतंय?"

"आठवतंय. तू लहान होतास."

"अकराचा होतो. तिकडं मला क्रिकेटची बॅट घेऊन दिली. परत आलो तेव्हा मधली खोली धुतलेली. कोणी मला काय झालं ते सांगितलंच नाही, अक्का. तू आत होतीस. तुला सगळं माहीत होतं. मी बाहेर होतो."

मला वाटायचं तो सुटला. त्या खोलीत मी होते, तो बॅट घेऊन खेळत होता, म्हणून तो इतका हसरा. आज मला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं की तो दाराबाहेर उभा होता.

"माझ्यात असलं तर पोरीला मी दिलं असं होणार," तो म्हणाला.

"तू दिलंस असं कसं? आईने तुला दिलं म्हणून तू तिच्यावर चिडशील?"

"न्हाई."

"मग."

तो उठला, बाहेर जाऊन कामगाराला काहीतरी सांगून आला. "कुठं जायचं ते सांग," म्हणाला. "पोरीनं लपूनछपून करण्यापेक्षा मी करतो. प्रियाला मीच सांगतो."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कृष्णात आहे.

संहिताने आम्हा तिघांना बसवून सांगितलं. प्रिया मध्ये बसली होती, आणि तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. कृष्णा ऐकताना मान हलवत राहिला, गिऱ्हाईक मशीनची तक्रार सांगतंय तसा. त्याला वर्षातून एकदा छातीची तपासणी, प्रोस्टेटसाठी रक्ताची. आर्याला शक्यता निम्मी. तिचं तिने ठरवायचं, घाई नाही.

एक गोष्ट फक्त इथेच लिहिता येईल. "आहे" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, अदलाबदल झालीय. ते माझं होतं. एकतीस वर्षं मी ते सांभाळलं, त्याच्यासाठी जागा करून ठेवली, आणि ते गेलं त्याच्याकडे, ज्याच्या घरात बायको आहे, मुलगी आहे, गणपती आहे. परत मागता आलं असतं तर मागितलं असतं. हे त्याच्यासाठी वाटलं की माझ्यासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही.

हॉस्पिटलच्या दारात ती दोघं रिक्षात बसली. मला मेट्रोने जायचं होतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. कृष्णाने फोन करून बोलावलं, "ये की," एवढंच. गेले.

पाटावर बसला होता तेव्हा बेळगावहून दिव्याचा व्हिडिओ कॉल आला. मी ताट घेऊन उभी. दोघांचं सुरू झालं. कुठले डॉक्टर, काय खायचं, रिपोर्ट कसा वाचायचा. दिव्याच्या डोक्यावर केस बारीक उगवलेत. ती म्हणाली, "कृष्णा, आजीनं इस्टेट वाटली ती आपल्या दोघांनाच बघ." तो खो खो हसला. तीही हसली. मी पण हसले, पण माझं जरा उशिरा झालं. निरांजनातलं तूप संपत आलं होतं.

मग ओवाळलं. प्रियाने जेवायला वाढलं, हवं-नको विचारलं, बाहेरच्या माणसाला विचारतात तसं.

स्टेशनपर्यंत कृष्णा स्कूटरवर सोडायला आला. गाडी उभी करून हेल्मेट काढलं नाही. तसाच म्हणाला, "अक्का, डाव्या बाजूला काहीतरी लागतंय. निप्पलच्या मागं. वर्षभर आहे. मला वाटलं मशीनवर वाकून वाकून झालं असेल."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"काल फोन केला. बुधवारी बोलावलंय. प्रियाला तपासणी आहे एवढंच सांगितलंय, गाठीचं न्हाई." मग हेल्मेटच्या आतून, "तू येतीस काय? तुला असलं सगळं माहीत असतं."

मला काही माहीत नाही. मला फक्त एका खोलीतलं माहीत आहे, तेही जुनं. येते म्हटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आर्या आली होती. यावेळी बॅग काढून ठेवली. गाठीचं तिला माहीत नाही, मी सांगितलं नाही.

ती म्हणाली, "आत्या, तुला तर वाटायचंच ना, की तुला होणार? इतकी वर्षं तू कशी राहिलीस?"

मी सवयीने सांगायला लागले की मनाची तयारी ठेवली की माणूस राहतो. मग तिच्याकडे बघितलं. ती खरंच ऐकत होती, पाठ करून घेतल्यासारखी. मला ते सहन झालं नाही.

"मी राहिले नाही, आर्या," म्हटलं. "मी घाबरले होते आणि त्याला तयारी म्हणत होते. माझं बघून काही करू नकोस. जे करावंसं वाटेल ते करून बघ. लग्न कर किंवा नको करू, पण या कारणासाठी नको ठरवू."

ती बॅगेची चेन उघडझाप करत राहिली. मग विचारलं, "मग आता तू काय करणार?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. "भांडी घासणार," म्हटलं. ती हसली. पण उत्तर मिळालं नाही हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण जाताना तिने मला मिठी मारली, आणि आमच्यात ती पद्धत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

हॉस्पिटलमधून येऊन लगेच लिहितेय.

छातीच्या तपासणीच्या विभागात सगळ्या बायका. भिंती गुलाबी. कृष्णा एकटा पुरुष, फॅक्टरीचा निळा शर्ट घालून, गुडघे जुळवून बसलेला. शेजारच्या बाईने मला कन्नडमध्ये विचारलं, तुमचं पहिल्यांदाच का? मी म्हटलं, माझं नाही, भावाचं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मग तिच्या पर्समधली एक गोळी काढून त्याला दिली, पेपरमिंटची. त्याने घेतली.

नर्स दारात येऊन "कृष्णा मॅडम" म्हणाली. कोणी उठेना. तिने पुन्हा हाक मारली. कृष्णा उठला. घड्याळ, पाकीट, मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला आणि आत गेला. सोनोग्राफी होती. गरज पडली तर सुईने तपासायचं होतं.

तो आत जाऊन थोडा वेळ झाला असेल, त्याचा मोबाईल वाजला. प्रिया. उचलू की नको असं झालं. उचलून हॅलो म्हटलं.

"वन्सं? आत गेलेत काय?"

"गेलाय."

"गाठ आहे ना?"

मी मांडीवरचं त्याचं घड्याळ उलटं करून ठेवलं.

"मला हाताला लागली होती. उन्हाळ्यातच," ती म्हणाली. "मी यांना बोलले नाही. म्हटलं, बोललं की खरं होईल. तुम्ही सांगायला आलात तेव्हा मला तेच आठवत होतं."

मी म्हटलं, "आला की सांगते." तिने "हं" म्हटलं. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. कानाला लावून बसले. तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता, शेजारी कोणाचा तरी मिक्सर, आणि मधूनमधून तिचा श्वास. माझ्याकडचं तिला काय ऐकू येत होतं कोण जाणे. किती वेळ गेला ते बघितलं नाही. त्या शेजारच्या बाईचं नाव पुकारलं, ती गेली, तिच्या जागी दुसरी आली. एवढ्या वेळात मला एकदाही एकटं वाटलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

दार उघडलं. कृष्णा शर्टाची बटणं लावत आला, एक घर चुकलेलं. मोबाईल कानावरून मांडीवर आला होता, चालूच. तो धप्पकन शेजारी बसला.

"काही न्हाई. साधी गाठ आहे म्हणाल्या, पुरुषांत होते तशी. सुई लागली न्हाई. सहा महिन्यांनी दाखवायचं." मग आवाज खाली करून म्हणाला, "अक्का, आत मला रडू आलं. त्या डॉक्टरणीसमोर. मशीनवाली पोरगी पण होती. प्रियाला सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हटलं.

तो पाणी प्यायला कूलरकडे गेला. मी मोबाईल कानाला लावला. पलीकडे ती रडत होती की हसत होती, माझ्या सरावलेल्या कानालाही कळलं नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "मी काही ऐकलं नाही."